कोणते कार्ड कशासाठी? शेतकऱ्याने करावयाची बँक कार्डांची निवड

मृगाची चाहूल लागली की शेतकऱ्याला पैशाची निकड भासू लागते. बियाणे, खते, औषधे, मशागतीची मजुरी असे खर्च एकामागून एक उभे राहतात आणि हाताशी असलेली रक्कम त्यांना पुरत नाही. पूर्वी अशा वेळी सावकाराची वही, दुकानदाराची उधारी आणि सोसायटीचे कर्ज असे तीनच मार्ग शेतकऱ्यापुढे होते. आज त्यांच्या जोडीला त्याच्या खिशात एक-दोन बँक कार्डेही आलेली आहेत. ही कार्डे आकाराने सारखी असतात, एकाच यंत्रात चालतात आणि त्यांतून निघणारी नोटही सारखीच असते. त्यामुळे कोणतेही कार्ड वापरले तरी फरक काय, असा समज होणे स्वाभाविक आहे.

हा समज मात्र महागात पडणारा आहे. एका कार्डाने काढलेले हजार रुपये शेतकऱ्याचे स्वतःचे असतात. त्यांवर व्याज नाही. दुसऱ्या कार्डाने काढलेले हजार रुपये सवलतीच्या व्याजाचे पीक कर्ज असते. तिसऱ्या कार्डाने काढलेल्या हजार रुपयांवर दरसाल शेकडा ३६ किंवा त्याहूनही अधिक व्याज चढू शकते. कार्ड यंत्रात घालण्यापूर्वी आपण कोणाचा पैसा खर्च करीत आहो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कार्ड उपयोगी पडते. ज्याला ते ठाऊक नाही तो नकळत कर्जात उतरतो. यास्तव या कार्डांचे प्रकार, त्यांचे गुणदोष व त्यांचा योग्य उपयोग यांची माहिती येथे दिली आहे.

कार्ड ही केवळ किल्ली आहे

कार्डात पैसा नसतो. पैसा बँकेतील खात्यात असतो आणि कार्ड ही त्या खात्याची किल्ली असते. म्हणून कार्डाची निवड करताना त्याचा रंग, नाव किंवा त्यासोबत मिळणारी भेटवस्तू न पाहता, ही किल्ली कोणत्या कोठाराला लागते, एवढाच प्रश्न विचारावा. कोठारात स्वतःचे धान्य आहे की उसने आणलेले, आणि उसने असेल तर ते किती वाढीने परत करावयाचे आहे, यावर सर्व काही अवलंबून आहे.

या दृष्टीने पाहता ग्रामीण भागात आढळणाऱ्या कार्डांचे चार प्रकार पडतात : बचत खात्याचे डेबिट कार्ड, किसान क्रेडिट कार्ड, साधे क्रेडिट कार्ड आणि आगाऊ पैसे भरून वापरावयाचे प्रीपेड कार्ड.

बचत खात्याचे डेबिट कार्ड

डेबिट कार्डाने बचत खात्यात जेवढी शिल्लक असेल तेवढीच रक्कम काढता येते किंवा खरेदीसाठी देता येते. खाते रिकामे असेल तर सामान्यतः कार्ड चालत नाही. हीच त्याची मर्यादा आणि हेच त्याचे संरक्षण. या कार्डाने मनुष्य कर्जबाजारी होऊ शकत नाही.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि किमान शिलकेची अट नसलेल्या खात्यांबरोबर रुपे डेबिट कार्ड घरोघर पोहोचले. रुपे ही भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने उभारलेली, आपल्या देशाची कार्डव्यवस्था आहे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डाने घेतलेल्या रकमेवर दुकानदाराला बँकेचे शुल्क द्यावे लागत नाही. तेव्हा या कार्डाने पैसे दिले म्हणून एखादा दुकानदार शेकडा दोन रुपये जास्त मागत असेल, तर ती मागणी रास्त नाही, हे शेतकऱ्याने जाणून असावे.

जनधन खात्याच्या रुपे कार्डाबरोबर अपघात विम्याचे संरक्षण मिळते. २८ ऑगस्ट २०१८ पूर्वी उघडलेल्या खात्यांना ते १ लाख रुपयांचे व त्यानंतरच्या खात्यांना २ लाख रुपयांचे ठरविण्यात आले. परंतु त्यास एक अट आहे. अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत त्या कार्डाचा किमान एक यशस्वी व्यवहार झालेला असला पाहिजे. पुष्कळ घरांत हे कार्ड पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळून जपून ठेवलेले असते. अशा जपणुकीने विम्याचा हक्क गमावला जातो. दर दोन महिन्यांनी एखादी लहानशी रक्कम काढणे किंवा किराणा दुकानात कार्डाने शंभर रुपयांची खरेदी करणे एवढ्याने हा हक्क राखता येतो.

एटीएम यंत्राच्या वापरावरही मर्यादा आहेत. स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्यास पाच व्यवहार विनाशुल्क असतात. इतर बँकांच्या यंत्रांवर महानगरांत तीन व अन्यत्र पाच व्यवहार विनाशुल्क होतात. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क व त्यावरील कर आकारण्याची मुभा बँकांना मिळाली आहे. नुसती शिल्लक पाहणे हाही एक व्यवहार धरला जातो. दर दोन दिवसांनी पाचशे रुपये काढण्यापेक्षा आठवड्याची गरज ओळखून एकदाच रक्कम काढणे हिताचे आहे.

पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये, इतर अनुदाने, दूध संस्थेचा पगार आणि बाजार समितीतून आलेली शेतमालाची पट्टी ही सर्व बचत खात्यात जमा होणारी रक्कम आहे. घरखर्चासाठी हेच खाते व हेच कार्ड वापरावे. मोबाईलवरून केला जाणारा यूपीआय भरणाही सामान्यतः याच खात्यातून होत असल्याने त्यालाही हाच नियम लागू पडतो.

किसान क्रेडिट कार्ड

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. दर हंगामास नव्याने अर्ज, नव्याने कागदपत्रे व नव्याने मंजुरी या फेऱ्यातून शेतकऱ्याची सुटका व्हावी आणि पेरणीच्या वेळी पैसा हाती असावा, हा तिचा हेतू होता. आरंभी हे कार्ड म्हणजे छायाचित्र लावलेले पुस्तकच असे. २०१२ सालच्या सुधारणेने ते एटीएमवर चालणारे कार्ड करण्याचे ठरले. २०१९ साली पशुपालन व मत्स्यव्यवसाय यांच्या खेळत्या भांडवलासाठीही ते उपलब्ध झाले. जमीनमालकाबरोबरच कुळे, तोंडी कराराने जमीन कसणारे, बटाईदार व त्यांचे गट यांनाही या योजनेत स्थान आहे.

कार्डाची मर्यादा कशी ठरते, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे. प्रत्येक पिकासाठी दर हेक्टरी किती कर्ज द्यावे याचे दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरविते. समजा, एखाद्या पिकाचा दर हेक्टरी ६०,००० रुपये आहे आणि शेतकऱ्याने ते पीक दीड हेक्टरावर घेतले आहे. पिकाची मूळ रक्कम ९०,००० रुपये झाली. तीत काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी शेकडा १० म्हणजे ९,००० रुपये आणि शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी शेकडा २० म्हणजे १८,००० रुपये मिळविले जातात. विम्याचा हप्ता वगळता पहिल्या वर्षाची मर्यादा १,१७,००० रुपये होते. २०१२ च्या योजनेनुसार ही मंजुरी पाच वर्षांची असून, वाढत्या खर्चासाठी पुढील प्रत्येक वर्षी मर्यादेत शेकडा १० ची वाढ धरलेली आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षी १,२८,७०० रुपये. ज्याच्या सातबारावरील पीक पाहणी नीट नोंदलेली नसते, त्याची मर्यादा प्रत्यक्ष पिकापेक्षा कमी बसण्याचा संभव असतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ही नोंद तपासून घ्यावी.

तारणाविषयीही शेतकऱ्यांत गैरसमज आढळतात. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेती कर्जास जमीन गहाण ठेवण्याची किंवा अन्य तारणाची आवश्यकता नाही. त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख ६० हजार रुपये होती.

आता व्याजाकडे वळू. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेनुसार ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीक कर्ज दरसाल दरशेकडा ७ दराने मिळते. देय तारखेस किंवा तत्पूर्वी परतफेड करणाऱ्यास आणखी शेकडा ३ ची सवलत मिळून व्याज शेकडा ४ च पडते. ही मर्यादा ५ लाखांपर्यंत नेण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. आपल्या शाखेत कोणती मर्यादा लागू आहे, ते विचारून घ्यावे. महाराष्ट्रात याशिवाय डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना असून, ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास ते बिनव्याजी पडावे असे धोरण २०२१-२२ पासून स्वीकारण्यात आले. सामान्य शेतकऱ्यास एवढ्या अल्प व्याजाने दुसरा पैसा कोठेही मिळत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे किसान कार्ड बाजूला ठेवून खताची उधारी दुकानदाराच्या वहीत मांडणे किती अनिष्ट आहे, हे निराळे सांगावयास नको.

लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच

किसान कार्डाचे खाते हे फिरत्या कर्जाचे खाते आहे. मर्यादेच्या आत कितीही वेळा पैसे काढता येतात व भरता येतात, आणि व्याज केवळ काढलेल्या रकमेवर व वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते. तथापि पुष्कळ शेतकरी मंजुरी मिळताच संपूर्ण रक्कम एकदम उचलतात. काहींना बँक पुढे पैसे देईल की नाही अशी शंका असते, तर काहींना ही सोय ठाऊकच नसते. या सवयीची किंमत एका हिशेबाने स्पष्ट होईल.

एका शेतकऱ्याने १ जून रोजी १ लाख रुपये एकदम उचलले आणि ३१ मार्च रोजी परत केले. शेकडा ७ दराने दहा महिन्यांचे व्याज सुमारे ५,८३३ रुपये झाले. दुसऱ्याने तेवढेच कर्ज गरजेप्रमाणे घेतले. जूनच्या आरंभी बियाणे व खतासाठी ५०,०००, ऑगस्टच्या आरंभी खुरपणी व फवारणीसाठी ३०,००० आणि ऑक्टोबरच्या आरंभी काढणी-मळणीसाठी २०,००० रुपये त्याने उचलले. त्याचे व्याज अनुक्रमे २,९१७, १,४०० व ७०० मिळून ५,०१७ रुपये झाले. शिवाय माल विकताच १ जानेवारी रोजी त्याने ६०,००० रुपये खात्यात भरले. त्यामुळे तीन महिन्यांचे १,०५० रुपये व्याज वाचून एकूण आकार ३,९६७ रुपयांवर आला. दोघांचे पीक, जमीन व कर्ज सारखेच. केवळ कार्ड वापरण्याच्या रीतीने १,८६६ रुपयांचा फरक पडला. मुदतीत परतफेडीची सवलत मिळाल्यावर दोघांचेही आकडे कमी होतील. परंतु ज्याने गरजेपुरतेच उचलले त्याचा भार हलकाच राहील.

सर्वच संस्थांत ही पद्धत सारखी नसते. काही ठिकाणी विविध कार्यकारी सोसायटीमार्फत रक्कम एकदम खात्यावर वर्ग केली जाते. आपले खाते फिरत्या कर्जाचे आहे काय आणि मध्येच भरलेले पैसे त्याच मुदतीत पुन्हा काढता येतात काय, हे दोन प्रश्न गटसचिवास किंवा शाखाधिकाऱ्यास पहिल्याच दिवशी विचारावेत.

पीक विम्यासंबंधी एक सूचना येथे आवश्यक आहे. २०२० च्या खरीप हंगामापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक झाली आहे. मात्र ज्यास विमा नको असेल त्याने अंतिम तारखेपूर्वी सात दिवस तसे बँकेस लेखी कळवावे लागते; न कळविल्यास हप्ता खात्यातून कापला जातो. विमा घ्यावयाचा असेल तर कापलेला हप्ता योग्य पिकाचा व योग्य क्षेत्राचा आहे, याची खात्री पासबुकावरून व पावतीवरून करून घ्यावी.

साधे क्रेडिट कार्ड

नावात 'क्रेडिट' हा शब्द समान असल्याने साधे क्रेडिट कार्ड व किसान क्रेडिट कार्ड यांची गल्लत होते. दोन्हींत उसना पैसा असतो. पण त्यांच्या व्याजात व परतफेडीच्या मुदतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. किसान कार्डाची मुदत पिकाच्या काढणीशी जोडलेली असते. साध्या क्रेडिट कार्डाचे बिल मात्र दर महिन्यास येते. त्यास खरीप-रब्बी ठाऊक नसते.

या कार्डाने केलेल्या खरेदीचे संपूर्ण बिल ठरलेल्या तारखेस भरले तर व्याज लागत नाही, हा त्याचा फायदा होय. नियमित मासिक पगार मिळविणाऱ्या नोकरदारास तो उपयोगी पडतो. परंतु पूर्ण रक्कम भरली नाही तर ही सवलत संपते व खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते. अनेक कार्डांवर हा दर महिन्यास शेकडा ३ ते पावणेचार असतो. महिन्याचा तीन हा आकडा लहान वाटतो. वर्षाचा हिशेब केला म्हणजे तो छत्तीस होतो. कार्डाने रोख रक्कम काढल्यास निराळे शुल्क पडते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' ही सर्वांत फसवी बाब आहे. समजा, एका शेतकऱ्याने खते व औषधांसाठी २०,००० रुपये या कार्डाने दिले आणि दरमहा किमान रक्कम म्हणून १,००० रुपये भरण्याचे ठरविले. शेकडा ३ प्रमाणे पहिल्या महिन्याचे व्याज ६०० रुपये व त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर १०८ रुपये असे ७०८ रुपये निघून जातात. मुद्दलात केवळ २९२ रुपये जमा होतात. भरणारा समजतो की आपण हजार रुपये फेडले. प्रत्यक्षात कर्ज तीनशे रुपयांनीही कमी झालेले नसते.

तेच २०,००० रुपये किसान कार्डातून एक वर्ष वापरले असते तर शेकडा ७ दराने १,४०० रुपये आणि मुदतीत फेडल्यास अवघे ८०० रुपये व्याज पडले असते. साध्या क्रेडिट कार्डावर मुद्दल वर्षभर तसेच राहिले आणि दरमहा व्याज व कर भरला, तर ७०८ रुपयांप्रमाणे बारा महिन्यांचे ८,४९६ रुपये होतात. पाऊस एक महिना लांबला किंवा बाजारभाव उतरला तर पिकाचा पैसा उशिरा येतो. या कार्डाचे व्याज मात्र वाट पाहत नाही. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येते, त्याने शेतीच्या खर्चासाठी हे कार्ड वापरू नये, असेच सांगावे लागते.

आठवडी बाजारात किंवा दुकानाच्या दारात विक्रेते हे कार्ड 'फुकट' म्हणून देऊ करतात. ग्राहकाने न मागता व त्याच्या संमतीवाचून क्रेडिट कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मनाई केली आहे. तेव्हा न समजलेल्या अर्जावर सही करू नये, मोबाईलवर आलेला क्रमांक कोणास सांगू नये आणि वार्षिक शुल्क, मासिक व्याज व उशिराचा दंड हे तीन आकडे लेखी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

प्रीपेड कार्ड

या कार्डात आधी पैसे भरावयाचे व मग तेवढेच खर्च करावयाचे असतात. शहरात शिकणाऱ्या मुलास महिन्याचा खर्च देणे किंवा प्रवासात मर्यादित रक्कम जवळ बाळगणे अशा कामांस ते बरे पडते. कार्ड हरवले तरी नुकसान त्यात भरलेल्या रकमेपुरतेच राहते. तथापि त्यातील रकमेवर व्याज मिळत नाही आणि काही कार्डांवर भरण्याचे किंवा नूतनीकरणाचे शुल्क असते. ज्याच्याकडे बचत खात्याचे डेबिट कार्ड आहे, त्यास शेतीकामासाठी याची विशेष गरज नाही.

खर्चानुसार निवड

खर्च कोणत्या स्वरूपाचा आहे, यावरून कार्ड ठरवावे. बियाणे, खते, औषधे, मजुरी व पंपाची दुरुस्ती हे पिकातून परत येणारे खर्च किसान कार्डातून करावेत. कृषी सेवा केंद्रात स्वाइप यंत्र असेल तर कार्डानेच पैसे देऊन पक्की पावती घ्यावी. त्यामुळे रोख रक्कम अन्य कामात खर्च होत नाही आणि बियाणे न उगवल्यास तक्रारीसाठी पुरावा हाती राहतो.

किराणा, शाळेची फी, औषधपाणी व प्रवास हे खर्च बचत खात्याच्या डेबिट कार्डातून भागवावेत. किसान कार्डाच्या मर्यादेत घरगुती गरजांसाठी शेकडा १० ची तरतूद आहे, ती अडचणीच्या वेळी जरूर वापरावी; परंतु तिच्या बाहेर जाऊ नये. लग्नकार्यासाठी किंवा मोटारसायकलीसाठी पीक कर्ज उचलले तर पेरणीला पैसा उरत नाही. मग तोच शेतकरी खतासाठी सावकाराच्या दारी जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कार्डाच्या मर्यादेलाही लागू पडते. विहीर, ठिबक संच, ट्रॅक्टर अशा अनेक वर्षे टिकणाऱ्या वस्तूंसाठी अल्पमुदतीची रक्कम न वापरता बँकेकडून मुदत कर्ज घ्यावे. कारण एका हंगामाचे पीक विहिरीचा खर्च फेडू शकत नाही.

परतफेड व नवे-जुने

किसान कार्डाचे सारे लाभ देय तारखेवर अवलंबून आहेत. ती तारीख एका दिवसाने चुकली तरी प्रोत्साहनाची सवलत जाते व पुढे बँकेचा नेहमीचा दर लागू होतो. अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकले म्हणजे ते थकीत खात्यांत जमा होते आणि पुढचे कर्ज मिळणे दुरापास्त होते. देय तारीख घराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.

गावोगाव 'नवे-जुने' करण्याची रीत रूढ आहे. मार्चअखेर जुने कर्ज भरून लगेच नवे उचलावयाचे, आणि मधल्या चार-आठ दिवसांसाठी खाजगी सावकाराकडून रक्कम आणावयाची. आठ दिवसांच्या या उसनवारीसाठी सावकार जे मागतो, ते कधी कधी वर्षभराच्या सवलतीइतके असते. सवलत एका हाताने मिळते व दुसऱ्या हाताने जाते. त्यावर उपाय एकच. माल विकल्याबरोबर पट्टीतील ठरावीक भाग किसान कार्डाच्या खात्यात भरावा. खात्यात कर्जाहून अधिक रक्कम जमा झाली तरी ती वाया जात नाही. योजनेनुसार त्या शिलकेवर बचत खात्याच्या दराने व्याज मिळावयाचे असते. नैसर्गिक आपत्तीमुळे पीक बुडाले असेल तर गप्प न बसता देय तारखेपूर्वीच बँकेस लेखी अर्ज द्यावा. आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या भागात कर्जाच्या पुनर्गठनाची सोय होते.

कार्डाची राखण

कार्डाचा पिन म्हणजे गुप्त क्रमांक हा कार्डावर, पाकिटावर किंवा पासबुकावर लिहून ठेवू नये. यंत्र चालविता येत नाही म्हणून दुकानदारास किंवा शेजारच्या मुलास कार्ड व पिन देण्याची सवय धोक्याची आहे. त्याऐवजी घरातील विश्वासू व्यक्तीने शेतकऱ्याबरोबर जाऊन त्यास शिकवावे, किंवा बँक मित्राकडे आधार व अंगठ्याच्या ठशाने पैसे काढून त्याची पावती घ्यावी. बँकेचा कोणताही अधिकारी दूरध्वनीवर पिन विचारीत नाही; जो विचारतो तो ठक समजावा.

नव्या कार्डावर प्रारंभी देशातील एटीएम व स्वाइप यंत्रावरील व्यवहारच चालू असतात. स्पर्शाविना व ऑनलाईन व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू केल्यावरच होतात. गरज नसेल तर ते बंदच ठेवावेत. कारण स्पर्शाविना व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही.

खात्यातून पैसे गेल्याचा अनोळखी संदेश आला तर त्याच दिवशी बँकेस कळवून कार्ड बंद करावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फसवणुकीची नोंद करावी. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या नियमांनुसार, बाहेरच्या व्यक्तीच्या लबाडीने, ग्राहकाची चूक नसता पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. पिन स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकास सोसावे लागते. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम कमी झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. पुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई बँकेने द्यावी, असा २०१९ चा नियम आहे. यासाठी यंत्रातून निघालेली चिठ्ठी किंवा मोबाईलवरील संदेश जपून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी गावात एक बैठक घेऊन कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेतकऱ्यास आपली कार्डे आणावयास सांगावे. मात्र कार्डावरील क्रमांक किंवा पिन कोणाचाही लिहून घेऊ नये. कोणते कार्ड बचतीचे, कोणते किसान कार्ड आणि कोणते साधे क्रेडिट कार्ड, हे शेतकऱ्याकडूनच ओळखून घ्यावे. बचतीच्या कार्डावर हिरव्या व किसान कार्डावर पिवळ्या कागदाची लहान पट्टी चिकटविली म्हणजे अक्षर न येणाऱ्या वृद्धासही फरक कळतो. पट्टी चिपेवर किंवा काळ्या पट्टीवर येऊ देऊ नये आणि कार्ड यंत्रात घालण्यापूर्वी ती काढावी.

दुसरी गोष्ट, किसान कार्ड मंजूर असूनही ज्यांनी ते एकदाही चालविलेले नाही अशांची यादी करावी आणि एका ठरलेल्या दिवशी त्यांना शाखेत नेऊन कार्ड सुरू करून द्यावे. घरातील स्त्रियांना बैठकीस अवश्य बोलवावे. दुधाचा व शेळ्यांचा व्यवहार अनेक घरांत त्याच पाहतात, आणि पशुपालनासाठीचे किसान कार्ड त्यांच्या नावे होऊ शकते, हे त्यांना फारसे कोणी सांगितलेले नसते.

तात्पर्य, कार्डे कितीही असली तरी शेतकऱ्यास मुख्यतः दोनच पुरेशी आहेत : घरासाठी बचतीचे डेबिट कार्ड आणि शेतासाठी किसान क्रेडिट कार्ड. तिसरे घेण्यापूर्वी त्याचे वर्षाचे व्याज कागदावर मांडून पाहावे. पहिल्या पावसापूर्वी ज्याप्रमाणे तिफण व पाभर तपासून घेतली जाते, त्याचप्रमाणे शेतकरी बंधू-भगिनींनी आपल्या कार्डाची मर्यादा, व्याजाचा दर व देय तारीख या तीन गोष्टी शाखेत जाऊन तपासून घ्याव्यात. अवजार हातात असून ते कसे चालवावे हे ठाऊक नसेल, तर इजा धन्यालाच होते. ते नीट चालविता आले तर तेच अवजार शेत पिकविते.